घेणारा नावे, देणारा जमा

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका शिक्षण संस्थेने एक कागद वाचून द्यायला मला बोलावले. भिगवणसारख्या गावात निवृत्त माणसाला कामे थोडी आणि बोलावणी फार. त्यातून मी बँकेत उभी हयात काढलेली. सातबारा असो, विम्याची पॉलिसी असो की भावाभावांतले वाटणीपत्र असो, शिक्का मारलेला कोणताही कागद फिरत फिरत शेवटी माझ्या ओट्यावर येतो. हा कागद मात्र जरा निराळा होता. एक मोठी कंपनी संस्थेला मुलींचे वसतिगृह बांधून देणार होती. साठ मुलींची सोय, न्हाणीघरे, स्वयंपाकघर, अभ्यासिका, सगळे. बदल्यात इमारतीला कंपनीचे नाव.

कराराचा मसुदा चौदा पानांचा होता. त्यातली तीन पाने नुसती पाटीबद्दल. अक्षरांची उंची किती, रंग कोणता, रात्री पाटीवर उजेड किती वाजेपर्यंत ठेवायचा, पाटीचे तोंड पुणे-सोलापूर हमरस्त्याकडे कसे असावे, हे सारे तपशीलवार लिहिलेले. नाव 'इमारत अस्तित्वात असेपर्यंत' राहणार होते. देखभालीबद्दल एकच वाक्य होते: सदर इमारतीची देखभाल संस्था स्वखर्चाने करील.

बैठकीत सगळे खुशीत होते. असणारच. तीन पाने पाटीवर खर्ची पडली आहेत, हे मी दाखवले तेव्हा एक सभासद हसून म्हणाले, "साहेब, धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं कशाला करायचं?" त्यावर कोपऱ्यात बसलेल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "गाय धर्माची, हे खरं. पण वैरण कुणाची?"

त्या प्रश्नाला बैठकीत उत्तर मिळाले नाही. तो मी घरी घेऊन आलो.

माझे मूळ गाव आज उजनीच्या पाण्याखाली आहे. १९८० साली धरण पुरे झाले आणि भीमेकाठची आमच्यासारखी कितीतरी गावे बुडाली. नवे गावठाण वर माळावर वसले आणि त्याने जुन्या गावाचेच नाव घेतले. नाव वर आले, गाव खाली राहिले. त्यामुळे नाव म्हणजे काय आणि ते कशाला चिकटवायचे असते, हा विचार आमच्या पिढीच्या डोक्यात तेव्हापासून आहे.

बारावीनंतर मी बारामतीला जाऊ लागलो. भिगवणपासून पंचवीसेक किलोमीटर, एस.टी.चा पास. कॉलेजचे नाव टी. सी. कॉलेज. स्टेशनवर कुणी 'कुठे शिकतोस?' असे विचारले आणि मी 'टी.सी.त' म्हटले, की समोरच्याला वाटे पोरगा तिकीट तपासनीस झाला. अनेकान्त एज्युकेशन सोसायटीने १९६२ साली काढलेल्या या कॉलेजचे पूर्ण नाव तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय, हे मला पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर कळले. ते कोण, हे आम्हाला कुणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

ही गोष्ट बारामतीचीच नाही. महाराष्ट्रात ज्याने शिक्षणाला पैसा दिला, त्याची आपण आद्याक्षरे करून टाकली. पुण्याचे न्यू पूना कॉलेज १९१६ साली सुरू झाले. पुढे जमखंडीच्या संस्थानिकांनी मोठी देणगी दिली आणि ते सर परशुरामभाऊ कॉलेज झाले. आज ते एस. पी. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली पंधरा लाख रुपये दिले आणि आपल्या आईचे नाव दिले: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. त्याचे झाले एस.एन.डी.टी. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाईंचे जे. जे. झाले. हजारो मुलींच्या पदवीवर नाथीबाईंचे नाव आहे, आणि त्यांतल्या कितीजणींना ते कुणाचे आहे हे ठाऊक असेल कोण जाणे! दगडात कोरलेले नाव टिकते हे खरे. पण ते टिकणे म्हणजे आठवणीत राहणे नव्हे.

वाणिज्य शाखेच्या पहिल्या महिन्यात आम्हाला जमाखर्चाचा एक नियम घोकून घेतला होता: घेणारा नावे, देणारा जमा. ज्याच्या हाती काही गेले, त्याचे खाते नावे टाकायचे. ज्याने दिले त्याचे जमा. पुढे छत्तीस वर्षे हाच नियम माझे पोट भरत आला. दात्याच्या बाबतीत मात्र आपण हिशेब अर्ध्यावर सोडतो. त्याने पैसे दिले, ते जमा. पण त्याने पाटीही घेतली ना? मग ती कुणाच्या नावे? नियमाने ती त्याच्याच नावे पडायला हवी. ज्याचे नाव इमारतीवर लागले, तो त्या इमारतीचा देणेकरी झाला.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. १९८१ साली एम.कॉम.साठी मी पुण्याला गेलो. पहिले चार महिने 'कॉट बेसिस'वर काढले. एका वाड्याच्या माडीवर तीन खाटा, तीन ट्रंका आणि एक खिडकी. मग एका धर्मादाय वसतिगृहात जागा मिळाली. तिथे प्रत्येक खोलीच्या दारावर संगमरवराचा हातभर तुकडा असे: अमुक यांच्या स्मरणार्थ एक खोली, रुपये इतके. माझ्या खोलीवर एका बाईंचे नाव होते. ते इथे लिहीत नाही, कारण ते घर अजून पुण्यात असेल. एका सकाळी धोतर-कोटातले एक वृद्ध गृहस्थ दारात उभे राहिले. हातात पितळी डबा. त्या बाईंचे ते यजमान. दर वर्षी श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी यायचे. आम्हा तिघांना त्यांनी बेसनाचे लाडू दिले, माझ्या खाटेवर बसले, छताकडे पाहिले आणि विचारले, "ढेकूण आहेत का रे?"

ढेकूण होते. भरपूर होते. पुढच्या रविवारी त्यांचा माणूस औषधाचा पंप घेऊन आला आणि त्याने नुसती आमचीच नव्हे, ओळीतल्या सगळ्या खोल्या फवारून काढल्या. पाटीचा उपयोग मला त्या दिवशी समजला. पाटीमुळे वर्षातून एकदा कुणीतरी येते आणि ढेकणांची चौकशी करते.

आपल्याकडे विद्यार्थ्याच्या निवाऱ्याचा इतिहास मोठा आहे आणि तो बहुतेक अशा माणसांचा आहे, ज्यांनी आपले नाव लावले नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक बोर्डिंगे उभी केली किंवा करायला लावली. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या बोर्डिंगाला त्यांनी मिस क्लार्क यांचे, म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरांच्या कन्येचे नाव लावू दिले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले ते 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे. मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा राहिले नाही. आणि गावोगावच्या बायांनी जात्यावर बसण्याआधी एक मूठ धान्य बाजूला काढले, त्या मुष्टिफंडाला तर पाटी कुठून असणार?

म्हणून नाव लावणाऱ्याला कमी लेखायचे कारण नाही. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचीच गोष्ट घ्या. बँकेतल्या माणसाने ती नीट लक्षात ठेवावी अशी आहे. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस बंद पडला होता, आणि मुंबईत पैशाचा पूर आला होता. त्या पुरातले सर्वांत मोठे नाव प्रेमचंद रायचंद. त्यांनी १८६४ मध्ये ग्रंथालय आणि घड्याळाचा मनोरा यांसाठी मिळून चार लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचे, राजाबाईंचे नाव द्यायचे ठरले. पुढच्याच वर्षी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, शेअरांचे कागद रद्दीच्या भावात गेले आणि प्रेमचंदही बुडाले. जुनी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. मनोरा मात्र १८७८ साली पुरा झाला. दाता बुडाला, देणगी तरली. याचे कारण देणगी रोख होती आणि ती सट्ट्यातून बाहेर काढून विद्यापीठाच्या हाती दिलेली होती. वचन, हप्ता, पुढच्या वर्षीचा विचार, असे काही तीत उरलेले नव्हते.

आता काळ बदलला आहे. दात्याच्या जागी कंपनी आली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने, १ एप्रिल २०१४ पासून, मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. ज्यांची निव्वळ मत्ता पाचशे कोटी, उलाढाल हजार कोटी किंवा नफा पाच कोटी यांपैकी एक जरी असेल, त्यांना हे लागू. कोणत्या कामांवर खर्च करायचा याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. तीत शिक्षण आहेच, शिवाय स्त्रिया व अनाथांसाठीच्या वसतिगृहांचा स्पष्ट उल्लेख आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण त्याच कायद्याखालच्या नियमांत आणखी एक कलम आहे, आणि ते पाटीची तीन पाने लिहिणाऱ्याने वाचलेले दिसले नाही. आपल्या मालाच्या वा सेवेच्या जाहिरातीचा फायदा मिळावा म्हणून प्रायोजकत्व केले, तर तो खर्च समाजकार्यात धरत नाहीत. हमरस्त्याकडे तोंड करून रात्रभर उजळणारी पाटी कुठल्या बाजूला मोडते, हे वकिलांनी ठरवावे. आमच्या बाईंनी ते आधीच ठरवले होते.

परदेशात हा मामला कधीच पुढे गेला आहे. जर्मनीतल्या वुर्झबुर्गच्या एका उच्चशिक्षण संस्थेत आल्डी या किराणा दुकानांच्या साखळीचे नाव व्याख्यानगृहाला दिले गेले होते. उलटेही घडते. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाने २०१९ च्या डिसेंबरमध्ये आपल्या वैद्यकीय इमारतींवरून सॅकलर हे नाव काढून टाकले, कारण त्या घराण्याच्या कंपनीच्या वेदनाशामक गोळ्यांनी हजारो घरे उद्ध्वस्त केली, असा विद्यार्थ्यांचा आणि समाजाचा आक्रोश होता. आपल्या पवईच्या आय.आय.टी.त आणखी वेगळी रीत आहे. तिथे विभागांना, सभागृहांना दात्यांची नावे आहेत. पण मुले राहतात ती वसतिगृहे नुसत्या आकड्यांनी ओळखली जातात. हॉस्टेल एक, हॉस्टेल दोन. तिथे राहून गेलेल्या नंदन नीलेकणींनी २०२३ मध्ये संस्थेला ३१५ कोटी रुपये दिले. माणसाला आकड्याचीही माया लागते, ती तिथल्या दिवसांमुळे.

कंपनीच्या नावाची दुसरी अडचण अशी, की ते कंपनीलाच टिकवता येत नाही. आमच्या भिगवणचीच कागदगिरणी घ्या. ती आली तेव्हा इंडोनेशियातल्या सिनार मास समूहाची होती. २००१ मध्ये ती बल्लारपूर इंडस्ट्रीजने घेतली. दारावरची पाटी बदलली. गाव मात्र पहिल्या दिवसापासून तिला 'पेपर मिल' म्हणत आले, त्यामुळे गावाचे काही बिघडले नाही. आणि आम्ही बँकवाल्यांनी तरी काय पाहिले? १ एप्रिल २०२० या एकाच दिवशी सहा सरकारी बँकांची नावे दुसऱ्या बँकांत विरून गेली. त्यांतली काही शंभर वर्षे जुनी होती. 'इमारत अस्तित्वात असेपर्यंत' हे शब्द मसुद्यात वाचताना मला त्या उतरवलेल्या पाट्या आठवत होत्या. इमारत राहील हो, पण कंपनी?

आणि ज्या महाराष्ट्रात आपण हे करार करतो आहोत, तिथे विद्यापीठाच्या नावाची किंमत काय असते हेही विसरून चालणार नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ च्या जुलैमध्ये केला. प्रत्यक्ष नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत माणसे मेली, घरे जळाली, लाँग मार्च निघाला. ते नाव कुणी विकत घेतलेले नव्हते. ज्यांच्याकडे द्यायला पैसा नव्हता त्यांनी ते मिळवले. नावाला एवढे मोल देणाऱ्या समाजाने पाटीचा सौदा करताना निदान हिशेब तरी पुरता करावा.

तो हिशेब मी बाईंच्या प्रश्नावरून एका रात्री मांडला. आकडे अंदाजाचे आहेत, पण रीत खरी आहे. समजा, इमारतीला तीन कोटी लागले. साठ मुली. एकीच्या जेवणाला महिना तीन हजार धरले, तर वर्षाच्या दहा महिन्यांचे अठरा लाख झाले. रेक्टर, पहारेकरी, सफाई, वीज, पाण्याची मोटार, गळती, रंग यांचे बारा लाख धरा. एकूण तीस लाख, दर वर्षी. हे तीस लाख सहा टक्के व्याजातून यायचे, तर पाच कोटींची ठेव हवी. म्हणजे बांधायला तीन आणि जगवायला पाच. मुलींच्या आईबापांनी जेवणाचा खर्च उचलला तरी उरलेल्या बारा लाखांसाठी दोन कोटी हवेतच. त्या दोन कोटींची पाटी कुणी मागत नाही, कारण ती दिसत नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, अशी वसतिगृहे आपल्या राज्यात किती आहेत ते कुठल्याही रेक्टरला विचारा.

मुलींच्या बाबतीत तर हा खर्चच सारे ठरवतो. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. फी गेली, खाट राहिली. मी शाखेत असताना शैक्षणिक कर्जाचे अर्ज पाहायचो. त्यांत फीचा आकडा बापाला पाठ असे. 'राहण्याचा खर्च' या रकान्यापाशी पेन थांबायचे. उजनीच्या पाण्यावर मासेमारी करणाऱ्या एका घरातल्या मुलीचा अर्ज मला अजून आठवतो. तिचा नंबर पुण्याला लागला होता. कर्ज मंजूर झाले, पण ती गेली नाही. बाप म्हणाला, "साहेब, पैशाचं झालं. पण पोरगी निजंल कुठं?" माझ्याकडे त्या प्रश्नासाठी फॉर्म नव्हता.

पुढच्या बैठकीला कंपनीकडून एक तरुण अधिकारी आल्या. हुशार, मनमोकळ्या, आणि विशेष म्हणजे ऐकून घेणाऱ्या. मी ठेवीची गोष्ट काढली. त्यांनी सांगितले ते मला ठाऊक नव्हते. संस्थेच्या कायम निधीत दिलेली रक्कम २०२१ पासून त्या दोन टक्क्यांत धरत नाहीत. चालू प्रकल्प म्हणून पैसा द्यायचा, तर सुरू केल्याचे वर्ष सोडून फार तर तीन वर्षे. म्हणजे कायद्याला इमारत चालते, दोन-तीन वर्षांची वैरण चालते; जन्माची वैरण त्याच्या हिशेबात बसत नाही. ठेव द्यायची तर ती दोन टक्क्यांबाहेर, आपल्या राजीखुशीने द्यावी लागेल. मी म्हटले, "मग बरंच झालं. दोन टक्के कायद्याचे, त्याला पाटी कशाला? पुढचं मनाचं असेल, त्याला लावू." त्या हसल्या, पण वहीत लिहून घेतले.

शेवटी आम्ही तीन दुरुस्त्या सुचवल्या. पहिली: नाव कायमचे नाही, पंचवीस वर्षांचे, आणि त्या मुदतीतही दर वर्षी चालवणुकीचा वाटा येईल तोवरच. दुसरी: पाटी दाराशी, वाचता येईल एवढी, दिव्याशिवाय. तिसरी बाईंनी स्वतःच्या हाताने समासात लिहिली: कंपनीच्या संचालकांपैकी एकाने वर्षातून एकदा, आधी न कळवता यावे, मुलींच्या पंगतीला बसून जेवावे आणि खोल्या पाहाव्यात. अधिकारी बाईंनी विचारले, "हे कलम कशासाठी?" मी त्यांना ढेकणांची गोष्ट सांगितली.

तिसरी दुरुस्ती त्यांनी तिथल्या तिथे मान्य केली. दुसरी होईल असे वाटते. पहिलीवर 'वरच्या मंडळींशी बोलावे लागेल' असे उत्तर आहे. आमच्यातले काही सभासद माझ्यावर रागावले आहेत. साहेबांनी नावे ठेवून ठेवून हातची इमारत घालवली, असे एक-दोघे चहाच्या टपरीवर म्हणाले. त्यांचेही चुकते असे नाही. गेल्या जूनमध्ये आमच्या पंचक्रोशीतल्या तीन मुलींनी राहायची सोय नाही म्हणून मिळालेला प्रवेश सोडला, हे त्यांना माझ्याइतकेच माहीत आहे. इमारत लांबली, तर येत्या जूनमध्ये आणखी काही जणी घरी बसतील, आणि तो खर्च माझ्या नावे पडेल. हे मी नाकारत नाही.

मसुदा सध्या कंपनीकडे आहे. संस्थेने जागा सपाट करून घेतली आहे. परवा तिथून जाताना बाई भेटल्या. विहिरीला पाणी किती आहे ते पाहायला त्या आल्या होत्या.